'अप अँड डाउन' म्हटलं की उड्या किती?

परवा एक फॉरवर्ड आला. इंग्लिश फाडफाड बोलायचं असेल तर हे १०० जोडशब्द पाठ करा म्हणे, आणि खाली यादी. अप अँड डाउन म्हणजे वरखाली, ऑन अँड ऑफ म्हणजे चालूबंद, बॅक अँड फोर्थ म्हणजे मागेपुढे. अर्थ चुकीचे नाहीत, पण अशी यादी घोकली की खरी गंमत हातातून निसटते, कारण ही जोडी वाक्यात शिरली की नुसती दिशा सांगत नाही, ती क्रियापदाचं वागणंच बदलून टाकते. मला हे प्रकरण प्रचंड आवडतं, म्हणून आज त्यावरच.

'द बॉय जम्प्ड अप' हे वाक्य घ्या. मुलगा टुणकन उठला. किती वेळा? एकदा. आता म्हणा 'द बॉय जम्प्ड अप अँड डाउन'. लगेच डोळ्यासमोर थयथय उड्या मारणारं पोर येतं, पाच उड्या असतील, वीस असतील, पण एक नक्कीच नाही. मग हे 'पुन्हा पुन्हा' आलं कुठून? वाक्यात तसा शब्द नाही, क्रियापद तेच, काळही तोच. फक्त दोन उलट दिशा शेजारी येऊन बसल्यात. एकच माणूस एकाच क्षणी वर आणि खाली जाऊ शकत नाही, त्यामुळे ऐकणारा काय करतो तर ती क्रिया वेळेवर पसरवतो, वर, खाली, वर, खाली, आणि कुठे थांबायचं हे जोडीत सांगितलेलंच नसल्यामुळे ती चालूच राहते. हेच उलटं करून 'डाउन अँड अप' म्हटलं की ठरलेली जोडी मोडते, आणि आधी खाली मग वर अशी एकच फेरी जास्त जाणवते.

हे तपासायला एक छान कसोटी आहे. झीनो व्हेंडलर या तत्त्वज्ञाने १९५७ मध्ये क्रियापदांचे प्रकार पाडले, काही क्रियांना शेवटचा टप्पा असतो, काही नुसत्या चालत राहतात. पहिल्या प्रकाराला इंग्लिशमध्ये 'इन टेन सेकंड्स' शोभतं, दुसऱ्याला 'फॉर टेन सेकंड्स'. मराठीत हा सगळा फरक एका 'त'वर उभा आहे, 'दहा सेकंदांत' आणि 'दहा सेकंद'. 'शी वॉक्ड टू द डोअर', दारापर्यंत गेली, दहा सेकंदांत. दार आलं, क्रिया संपली. 'शी वॉक्ड बॅक अँड फोर्थ', येरझाऱ्या घातल्या, दहा सेकंद, दहा मिनिटं, कितीही. म्हणजे 'टू द डोअर'ने चालण्याला जे टोक दिलं होतं, ते या जोडीत उरतच नाही. 'इट रेन्ड ऑन अँड ऑफ ऑल डे' मध्ये तर आणखी मजा, पाऊस मधेमधे चक्क थांबलेला आहे, तरी एकच क्रियापद अख्खा दिवस व्यापून बसतं.

आणि आता माझं सगळ्यात लाडकं वाक्य. 'द रोड गोज अप अँड डाउन'. रस्ता कुठे जातोय? तो तर जागचा हलत नाही! चढ आणि उतार दोन्ही एकाच वेळी हजर आहेत. इथे जोडी क्रियेला वेळेवर पसरवत नाही, जागेवर पसरवते, आणि आपली नजर मनातल्या मनात त्या रस्त्यावरून चालत जाते. लेनर्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने अशा काल्पनिक हालचालीवर बरंच लिहिलंय. पोरगा धावला तर अप अँड डाउन म्हणजे अनेक फेऱ्या, रस्ता 'धावला' तर अनेक चढउतार. जोडी एकच, पसरायला वेळ घ्यायचा की जागा, ते कर्ता आणि क्रियापद मिळून ठरवतात.

वाक्यातली जागासुद्धा बदलते. एकटा 'ऑन' असेल तर 'टर्न ऑन द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑन' दोन्ही चालतात. जोडी आली की 'टर्न द लाइट ऑन अँड ऑफ' हेच सहज येतं, 'टर्न ऑन अँड ऑफ द लाइट' म्हणताना बहुतेकांची जीभ अडखळते, कारण एकटा शब्द हलका असतो, क्रियापदाला चिकटून बसतो, जोडी जड असते, तिला मागे मोकळी जागा लागते.

जोडीतल्या शब्दांचा क्रम का ठरलेला, यावर भाषाशास्त्रज्ञ याकोव्ह माल्कील यांनी १९५९ मध्ये लिहिलं, मग १९७५ मध्ये कूपर आणि रॉस या भाषाशास्त्रज्ञांनी दाखवलं की बोलणाऱ्याच्या जवळचं बहुधा आधी येतं. हिअर अँड देअर, नाउ अँड देन, आपलं इकडेतिकडे पण तसंच. दुसरा कल म्हणजे आखूड आधी, लांब मागे, 'वेल अँड ट्रूली' सारखं. आणि हे पाणिनीने सुमारे २४०० वर्षांपूर्वी द्वंद्व समासासाठी एका सूत्रात लिहून ठेवलंय, 'अल्पाच्तरम्', कमी स्वरांचं पद आधी, म्हणून प्लक्षन्यग्रोधौ, दोन स्वरांचं प्लक्ष आधी, तीन स्वरांचं न्यग्रोध मागे. याला म्हणतात निरीक्षण! एवढी खरी थोरवी असताना 'नासाने संस्कृतला कॉम्प्युटरची भाषा ठरवलं' असले फॉरवर्ड का फिरवायचे? १९८५ मध्ये नासातल्या रिक ब्रिग्ज या संशोधकाने एक लेख लिहिला होता, इतकंच, नासाने काहीही ठरवलेलं नाही.

एक खड्डा मात्र आपल्यासाठीच आहे. मराठीत शब्द नुसता दोनदा म्हटला की काम होतं, हळूहळू, कधीकधी. म्हणून आपण 'स्लोली स्लोली' म्हणून जातो. इंग्लिशला तिथे बहुतेक वेळा मधला 'अँड' लागतो, आणि तो लावूनही प्रत्येक क्रियाविशेषणाची अशी जोडी जमत नाही. 'टॉक्ड ऑन अँड ऑन', बोलतच राहिला, हे चालतं. 'स्लोली अँड स्लोली' चालत नाही, तिथे 'मोअर अँड मोअर स्लोली' म्हणावं लागतं, आणि मग अर्थ हळूहळू असा राहत नाही, तर दर पावलाला आधीपेक्षा हळू असा होतो.