मुलांचं जंक फूड : जबाबदारी घरची की कायद्याची? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

शाळेच्या आवारात आणि आवारापासून 50 मीटरच्या आत चरबी, मीठ आणि साखर जास्त असलेले पदार्थ मुलांना विकायचे नाहीत, असा नियम भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं सप्टेंबर 2020 मध्ये अधिसूचित केला. असा कुठलाही नियम आला की एक प्रश्न हमखास येतो : मुलांनी काय खावं हे आईवडिलांनी बघायचं की सरकारनं? प्रश्न रास्त वाटतो. पण तो आजच्या रूपात घडला तो बऱ्याच अंशी अमेरिकेतल्या वादांमधून, आणि तिथे तो सर्वात मोठ्या आवाजात विचारणाऱ्यांमध्ये माल विकणारेच पुढे होते.

1978 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगानं, मुलांसाठीच्या टीव्ही जाहिरातींवर बंधनं घालण्याचा प्रस्ताव मांडला. जाहिरात ही जाहिरात आहे हेच ज्यांना कळत नाही अशा लहानग्यांना उद्देशून जाहिराती नकोत, आणि दात किडवणाऱ्या गोड पदार्थांच्या जाहिराती थोड्या मोठ्या मुलांनाही दाखवू नयेत, असा त्याचा गाभा होता. मायकेल पर्टशक तेव्हा आयोगाचे अध्यक्ष होते. न्याहारीची, कॉर्नफ्लेक्ससारखी सीरियल आणि खेळणी बनवणाऱ्या कंपन्या, जाहिरातदार आणि टीव्ही वाहिन्या एकवटल्या. ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं अग्रलेखात आयोगाला राष्ट्राची आया ठरवलं आणि आईबापांच्या दुबळेपणापासून मुलांना वाचवणं हे सरकारचं काम नव्हे, अशी भूमिका घेतली. 1980 मध्ये संसदेनं कायदा करून या बाबतीतले आयोगाचे अधिकारच छाटले. पुढच्या वर्षी प्रस्ताव गुंडाळला गेला. दरम्यान, 1979 मध्ये, मॅकडोनाल्ड्सचं खेळण्यासह मिळणारं हॅपी मील अमेरिकाभर सुरू झालं होतं.

याच काळात शेजारच्या कॅनडात क्वेबेक प्रांतानं नेमकी उलटी वाट धरली. 13 वर्षांखालच्या मुलांना उद्देशून व्यापारी जाहिराती करण्यावर तिथे 1980 पासून बंदी आली. एका खेळणी कंपनीनं तिला आव्हान दिलं, पण 1989 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली. लहान मूल जाहिरातीपुढे हतबल असतं, हे न्यायालयानं मान्य केलं. त्यानंतर क्वेबेकमधले आईबाप बेजबाबदार झाले, असं काही घडलं नाही.

अमेरिकेत वाद पुन्हा पेटला तो 2002 मध्ये. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या दोन किशोरवयीन मुलींच्या वतीनं मॅकडोनाल्ड्सवर दावा दाखल झाला : इथलं खाणं खाऊन मुलींना लठ्ठपणा आणि आजार जडले, आणि कंपनीनं धोका नीट सांगितला नाही. देशभर या दाव्याची टिंगल झाली. जानेवारी 2003 मध्ये न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी तो फेटाळलाही. जास्त खाल्लं तर वजन वाढतं हे ज्याला ठाऊक आहे किंवा असायला हवं, त्याला त्याच्याच अतिरेकापासून वाचवणं कायद्याचं काम नाही, असं त्यांनी लिहिलं. हे वाक्य पुढे खूप वापरलं गेलं.

त्याच निकालपत्रातला दुसरा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. चिकन मॅकनगेट्समध्ये घरच्या स्वयंपाकात कधीच न वापरले जाणारे इतके घटक असतात, की साध्या ग्राहकाला तो पदार्थ नेमका काय आहे हे कळणं कठीण आहे, असंही स्वीट यांनी नोंदवलं होतं. म्हणजे खाणाऱ्यावर जबाबदारी टाकायची तर आपण काय खातोय हे त्याला आधी कळायला हवं. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा वाटतो, आणि तो एका दावा फेटाळणाऱ्या निकालात सापडतो.

2005 मध्ये वरच्या न्यायालयानं फसव्या जाहिरातींचा मुद्दा पुन्हा जिवंत केला. 2010 मध्ये दाव्याला सामूहिक स्वरूप द्यायला, म्हणजे अनेक ग्राहकांच्या वतीनं तो एकत्र लढू द्यायला, नकार मिळाला आणि त्याची धार गेली. तोवर कंपन्यांच्या बाजूचं राजकारण पुढे गेलं होतं. लठ्ठपणावरून खाद्यकंपन्यांवर दावेच होऊ नयेत यासाठीचं विधेयक प्रतिनिधिगृहानं, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहानं, 2004 आणि 2005 मध्ये मंजूर केलं. त्याच्या नावातच ‘वैयक्तिक जबाबदारी’ हे शब्द होते. सिनेटमध्ये ते अडलं, तरी वीसहून जास्त राज्यांनी तसले कायदे करून घेतले. जबाबदारी या शब्दानं इथे पालकांच्या हाती काहीच आलं नाही, संरक्षण मिळालं ते कंपन्यांना.

2010 मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरानं ठरवलं, की पोषणाचे निकष पूर्ण न करणाऱ्या जेवणासोबत फुकट खेळणं द्यायचं नाही. डिसेंबर 2011 मध्ये नियम लागू होताच मॅकडोनाल्ड्सनं खेळण्याचे वेगळे 10 सेंट घ्यायला सुरुवात केली. पळवाट काढायला एवढं पुरेसं होतं.

चिलीनं मात्र हे काम नेटानं केलं. जून 2016 पासून साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक जास्त असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर समोरच काळा अष्टकोनी इशारा आला. असे पदार्थ शाळांमध्ये विकायला, मुलांना उद्देशून त्यांच्या जाहिराती करायला आणि त्यांच्यासोबत खेळणी द्यायला बंदी झाली. पहिल्या दीड वर्षात इशारा लागलेल्या गोड पेयांची खरेदी सुमारे 24 टक्क्यांनी घटली. निवड लोकांनीच केली, फक्त डोळ्यांसमोर माहिती असताना केली.

भारतात ही गोष्ट न्यायालयातून सुरू झाली. 2010 मध्ये उदय फाउंडेशननं दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. शाळांपासून 500 यार्डांच्या, म्हणजे साधारण साडेचारशे मीटरच्या आत जंक फूड आणि शीतपेयं विकू नयेत, ही तिची मागणी होती. मार्च 2015 मध्ये न्यायालयानं अन्न सुरक्षा प्राधिकरणाला मार्गदर्शक तत्त्वांना नियमांचं रूप द्यायला सांगितलं, आणि ते व्हायला आणखी पाच वर्षं गेली. साडेचारशे मीटरचे 50 झाले. महाराष्ट्र सरकारनं त्याआधीच, मे 2017 मध्ये, शाळांच्या उपाहारगृहांतून नूडल्स, पिझ्झा, बर्गर, चिप्स, शीतपेयं हद्दपार करायचा शासन निर्णय काढला होता. त्यांच्या जागी पोळी, भात, इडली असे पदार्थ सुचवले होते. यादी चांगली होती. पण उपाहारगृहाच्या दारापर्यंतच तिची सत्ता, आणि मुलांच्या हातातली पाच-दहा रुपयांची पाकिटं बऱ्याचदा फाटकाबाहेरच्या टपरीवरून येतात.

या काळात चित्र बदलत गेलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार पाच वर्षांखालच्या, उंचीच्या मानानं वजन जास्त असलेल्या मुलांचं प्रमाण 2015-16 मधल्या 2.1 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 3.4 टक्क्यांवर गेलं. कुपोषण संपलेलं नाही आणि हे नवं दुखणं शेजारी येऊन बसलंय.

आता घरच्या जबाबदारीकडे या. लोकलनं कामावर जाणारी आई सकाळी डबा भरून देते. मूल संध्याकाळी पाकीट मागतं. त्या पाकिटाच्या मागच्या बाजूला, बारीक इंग्रजी अक्षरांत, ग्रॅम-मिलिग्रॅमच्या तक्त्यात सगळं लिहिलेलं असतं. तिनं जबाबदारीनं वागावं असं म्हणणाऱ्यानं तो तक्ता एकदा स्वतः वाचून बघावा.

वेष्टनाच्या समोर इशारा असावा हा विषय आपल्याकडे दिल्लीच्या त्याच खटल्यापासून चर्चेत आहे. प्राधिकरणाच्या 2018 च्या मसुद्यात लाल रंगाची खूण होती. 2022 च्या मसुद्यात तिच्या जागी ताऱ्यांचं मानांकन आलं. म्हणजे साखरेनं भरलेल्या पदार्थालाही एखादा तारा मिळणार, आणि तारा तर आपण शाबासकी म्हणून देतो. आरोग्यक्षेत्रातल्या अनेकांनी त्याला विरोध केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल 2025 मध्ये न्यायालयानं तज्ज्ञ समितीला शिफारशी देण्यासाठी तीन महिने दिले, जुलैमध्ये मुदत आणखी तीन महिने वाढवली. सीबीएसईनं मात्र मे 2025 मध्ये आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. कुठल्या पदार्थात किती साखर असते, हे मुलांना तिथे वाचायला मिळावं यासाठी. पाकिटावर समोर जे अजून छापून आलेलं नाही, ते निदान शाळेच्या भिंतीवर लागू लागलं आहे.