घर भाड्याने देताना आधी नोंदणी, मग किल्ली

भाडे किती मागावे, डिपॉझिट किती घ्यावे आणि भाडेकरूची चौकशी कशी करावी, हे भाडेकराराच्या नोंदणीसाठी आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक घरमालकांना चांगले ठाऊक असते. हे पत्रक दुसऱ्याच एका गोष्टीसाठी काढले आहे. टोकन हातात पडते, भाडेकरू सज्जन वाटतो, त्याला एक तारखेला सामान आणायचे असते, म्हणून किल्ली दिली जाते आणि करार पुढच्या आठवड्यात करू असे ठरते. तो आठवडा उगवत नाही. एकदा सामान लागले की भाडेकरूला सुट्टी मिळेनाशी होते, करारखर्च कोणी भरायचा याची बोलणी नव्याने सुरू होतात, आणि नोंदणीला लागणाऱ्या अंगठ्याच्या ठशासाठी आमच्या माणसाला खेपांवर खेपा घालाव्या लागतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा अथवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठराविक मुदतीपुरते घर फक्त वापरायला देण्याचा) करार लेखी असणे व त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी कायद्याने भाडेकरूवर नव्हे, तर मालकावर टाकली आहे. नोंदणी नसताना वाद उद्भवला, तर घर कोणत्या अटींवर दिले याबाबत भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘अकरा महिन्यांचा करार नोटरीवर चालतो’ हे आम्हाला रोज ऐकवले जाते, परंतु कलम ५५ मध्ये मुदतीनुसार कोणतीही सूट नाही. म्हणूनच आम्ही नोटरीचे करार करून देत नाही, आणि मागील तारखेचे तर मुळीच नाही. अन्यत्र ते स्वस्तात होतात, हे आम्हाला माहीत आहे.

लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार असेल, तर मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. त्या मानाने सरकारी खर्च अगदी किरकोळ आहे. दरमहा २५,००० रुपये भाडे, एक लाख परत करावयाचे डिपॉझिट आणि ११ महिने मुदत धरल्यास, एकूण भाडे व डिपॉझिटवरील वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क सुमारे ७१० रुपये होते. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये असते. आमचे शुल्क वेगळे असून ते कामाआधीच सांगितले जाते.

मुदत अकराच महिन्यांची असावी असेही नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो. भाडेकरू टिकणारा वाटत असेल, तर दरवर्षीची भाडेवाढ आणि दोन्ही बाजूंचा नोटीस कालावधी लिहून घेऊन दोन-तीन वर्षांचा करार करावा, असे आम्ही सुचवतो. यात आमचे नूतनीकरणाचे काम बुडते, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

डिपॉझिट परत करतानाचे भांडण बहुधा गिझर, बेसिनचा नळ आणि सोफ्यामागच्या भिंतीवरून होते. ताबा देण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचे व वीजमीटरच्या आकड्याचे फोटो काढावेत, पंखे-दिवे-किल्ल्यांची यादी करून तिच्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि रंगकामाचा खर्च कोणाचा ते करारातच लिहावे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यावी व कराराची प्रत सोसायटीत द्यावी. घर भाड्याने दिले म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही; जास्त आकारणी आली, तर बिल आम्हाला दाखवावे.

जुना करार संपत असेल, तर मुदतीच्या महिनाभर आधी आमच्याकडून फोन येतो. तो ‘नंतर बघू’ म्हणून ठेवू नये, कारण मुदत उलटली की नव्या करारापर्यंतचे दिवस कागदाविनाच जातात. कामासाठी दोन्ही पक्षांचे आधार व पॅन कार्ड आणि घराचे ताजे वीजबिल लागते. ज्येष्ठांच्या बोटांचा ठसा यंत्र कधीकधी पहिल्या खेपेला घेत नाही, म्हणून त्यांच्यासाठी आमचा माणूस सकाळी, घाई नसलेल्या वेळी घरी येतो. मालक परगावी किंवा परदेशी असल्यास, त्याच्या वतीने सही करणाऱ्याच्या कुलमुखत्यारपत्राची प्रत आम्हाला आधी तपासायला द्यावी. भाडेकरूला तारीख त्यानंतरच कळवावी.