टेलर आणि प्लॅट: क्यूबाच्या नावाने दोन दुरुस्त्या

अमेरिकेचा इतिहास वाचताना क्यूबापाशी आलं की टेलर दुरुस्ती आणि प्लॅट दुरुस्ती यांची हटकून सरमिसळ होते. दोन्ही क्यूबाबद्दल, दोन्ही सिनेटरांच्या नावाच्या, मध्ये जेमतेम तीन वर्षं. त्यात ‘दुरुस्ती’ म्हटलं की अमेरिकेच्या राज्यघटनेचीच असणार, असं वाटतं. तसं नाही. दोन्ही भलत्याच कागदांना जोडलेली कलमं होती. कुठल्या कागदाला कुठलं, एवढं पाहिलं तरी निम्मा घोळ मिटतो.

टेलर दुरुस्ती एप्रिल 1898 ची, क्यूबा ज्याची वसाहत होती त्या स्पेनशी युद्ध जुंपण्याच्या तोंडावरची. अध्यक्ष मॅकिन्लींना लष्कर वापरण्याची मुभा देणाऱ्या ठरावाला कोलोराडोच्या हेन्री टेलर यांनी हे शेपूट लावलं: क्यूबावर सत्ता गाजवण्याचा आमचा इरादा नाही, बेटावर शांतता नांदू लागली की कारभार तिथल्या लोकांच्या हाती सोपवू. ऐकायला उदात्त. पण कोलोराडोत बिटाच्या साखरेचा धंदा मूळ धरू पाहत होता, आणि क्यूबा अमेरिकेत सामील झाला असता तर तिथली उसाची साखर बिनजकात आली असती, हेही ध्यानात ठेवावं. शिवाय वचन फक्त क्यूबापुरतं. त्याच डिसेंबरात पॅरिसच्या तहाने पोर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स अमेरिकेने खुशाल पदरात पाडून घेतले.

प्लॅट दुरुस्ती मार्च 1901 ची. युद्ध संपलं होतं, अमेरिकी फौज मात्र बेटावरच होती. ही दुरुस्ती जोडली लष्कराच्या खर्चाच्या विधेयकाला. मसुदा मुख्यतः युद्धमंत्री एलिहू रूट यांचा, नाव कनेक्टिकटच्या ऑर्व्हिल प्लॅट यांचं. (त्याच सिनेटमध्ये न्यूयॉर्कचे थॉमस प्लॅटही होते. ते वेगळे.) क्यूबाने स्वातंत्र्याला बाध येईल असे परकीय करार करायचे नाहीत, ऐपतीबाहेर कर्ज काढायचं नाही, अमेरिकी आरमाराला तळासाठी जागा द्यायची, अशा अटी. तिसरं कलम सगळ्यांत मासलेवाईक: क्यूबाचं स्वातंत्र्य राखण्यासाठी अमेरिकेला क्यूबात हस्तक्षेप करण्याचा हक्क! हे सगळं मान्य केल्याशिवाय फौज हलणार नव्हती. हवानातल्या घटना समितीने आधी शर्ती घालून होकार दिला, तो वॉशिंग्टनला चालला नाही. शेवटी जून 1901 मध्ये 16 विरुद्ध 11 मतांनी दुरुस्ती जशीच्या तशी क्यूबाच्या घटनेला जोडली गेली. खुद्द लष्करी गव्हर्नर लेनर्ड वुड यांनी त्याच वर्षी थिओडोर रूझवेल्टना कळवलं की यानंतर क्यूबाला स्वातंत्र्य असं फारसं उरलेलं नाही.

मग टेलरचं वचन मोडलं का? अक्षरशः पाहिलं तर नाही. 20 मे 1902 ला क्यूबा रीतसर स्वतंत्र झाला. मेख होती ती ‘शांतता नांदू लागली की’ या शब्दांत. ती नांदते आहे की नाही हे ठरवायचं कोणी, ते टेलरने मोकळं सोडलं होतं. प्लॅटने तो अधिकार वॉशिंग्टनला देऊन टाकला, आणि तोही कायमचा. 1906 मध्ये फौज परत आली ती याच कलमाच्या आधारे, आणि 1909 पर्यंत राहिली.

1934 मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळात प्लॅट दुरुस्ती रद्द झाली. क्यूबातल्या ग्वांतानामो इथल्या अमेरिकी आरमारी तळाचा 1903 चा भाडेपट्टा तेवढा नव्या करारातही कायम राहिला. तो संपवायला दोन्ही देशांची संमती लागते, किंवा अमेरिकेने आपण होऊन तळ सोडावा लागतो. वर्षाचं भाडं 4,085 डॉलर.