काल साइटवर किती जण आले, हे विचारण्याआधी

(वेबसाइट देखभाल करारातील ग्राहकांसाठी)

सोमवारी सकाळी आमचा फोन बहुधा एकाच प्रश्नाने वाजतो: "शनिवारी ६० दाखवत होते, रविवारी ३१ च कसे? साइट बंद पडली होती का?"

साइट चालूच होती. शनिवारी आम्ही तुमचे नवे फोटो चढवले. ते नीट दिसतात का म्हणून तुम्ही दुकानातून पाहिलंत, घरी गेल्यावर पाहिलंत, मेहुण्यांना दाखवलंत आणि लिंक घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलीत. त्या साठांत घरचेच किती होते, ते तुम्हीच मोजा.

आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ या एका चुकीपायी जातो. साइटच्या भेटी मोजणाऱ्या गुगल अ‍ॅनालिटिक्सला मालक आणि गिऱ्हाईक यांतला फरक कळत नाही. एकाच फोनवरच्या एकाच ब्राउझरमधून आलात तर माणूस एक धरला जातो, पण मध्ये अर्धा तास हालचाल नसली की पुढची भेट नवी. मोबाइल आणि लॅपटॉप दोन्ही वापरलेत तर माणसंही दोन. ऑफिसच्या ब्रॉडबँडला स्थिर आयपी (न बदलणारा इंटरनेट-पत्ता) असेल तर तेवढ्या भेटी आम्ही गाळू शकतो. मोबाइल डेटाचा आयपी सारखा बदलतो, तिथे ही गाळणी चालत नाही.

म्हणून तर प्रत्येकाला वेगळी चाचणी लिंक दिली आहे. साइट तीच, फक्त मोजणीचा कोड नाही. ती बुकमार्क करा आणि हवी तितक्यांदा उघडा. गुगलवर स्वतःचं दुकान शोधायची सवयही सोडलेली बरी. जाहिरात चालू असताना तुम्हीच तिच्यावर टिचकी मारलीत, तर पैसे तुमच्याच खिशातून जाऊ शकतात.

आम्ही रोज रिपोर्ट का देत नाही, ५ तारखेला एकदाच का, अशीही तक्रार असते. मुद्दामच. आकडे पक्के व्हायला २४ ते ४८ तास लागतात. शिवाय दिवसाला चाळीसेक भेटींच्या साइटवर दहाचा चढउतार हा क्रिकेटच्या मॅचमुळेही होतो. गुहागरच्या होमस्टेने मे महिना जूनशी ताडून काय मिळणार? मागच्या मेशी ताडा. फक्त १ जुलै २०२३ च्या आधीचे कागद शेजारी ठेवू नका. त्या दिवसापासून जुनं अ‍ॅनालिटिक्स बंद झालं. जुन्या हिशेबात दरपत्रक पाच मिनिटं वाचून फोन करणारा माणूसही 'बाउन्स', म्हणजे आल्या पावली परतलेला, ठरायचा, कारण त्याने दुसरं पान उघडलेलं नसायचं. आता तो तसा धरला जात नाही.

खरी कमाई रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर आहे. लोक गुगलवर कोणते शब्द टाकतात तेव्हा त्यांना तुमची साइट दिसते, ते सर्च कन्सोल या गुगलच्याच साधनातून काढून आम्ही तिथे देतो. होमस्टेच्या बाबतीत हे शब्द साधे असतात: भाडं, पार्किंग, घरगुती जेवण, समुद्रापासून अंतर. आणि साइटवर मात्र 'आमच्याविषयी' दोन पानं, दरासाठी 'संपर्क साधा'! दर लिहिला तर शेजारच्याला कळेल म्हणता, पण शेजाऱ्याला तो कधीच ठाऊक असतो. त्या शब्दांची उत्तरं पहिल्याच पानावर लिहा. मजकूर तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलात तरी आम्ही लिहून घेतो, करारात ते धरलेलंच आहे.

साइटवरच्या फोनच्या बटणाचंही सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवरची टिचकी आपोआप मोजली जाते, फोनच्या बटणावरची नाही. तिची सोय वेगळी करावी लागते, तुमच्या साइटवर ती नसेल तर कळवा. मात्र बॅनरच्या फोटोत नंबर छापून पाठवू नका, तो दाबता येत नाही आणि मोजताही येत नाही.

नव्या माणसाचा फोन आला की "नंबर कुठून मिळाला?" एवढं विचारून वहीत टिपून ठेवा. ३० तारखेला त्या पानाचा फोटो आम्हाला पाठवा, रिपोर्टमध्ये आम्ही तो आकडा साइटच्या आकड्याशेजारी मांडून देऊ.