पॅकेज अपग्रेड आणि सिसअपग्रेड: ओपनडब्ल्यूआरटीच्या राउटरवर कधी काय करायचं

ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे कंपनीच्या फर्मवेअरऐवजी (राउटरच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरऐवजी) टाकायची, लिनक्सवर आधारलेली मोफत सिस्टिम. ती टाकलेल्या राउटरवर लॉगिन केलं की अपग्रेडच्या दोन जागा दिसतात. एक ‘सॉफ्टवेअर’च्या पानावर, तिथे पॅकेजची, म्हणजे सुट्या प्रोग्रॅमची, यादी असते. दुसरी ‘बॅकअप / फ्लॅश फर्मवेअर’च्या पानावर, तिथे अख्खी इमेज, म्हणजे पूर्ण सिस्टिमची एकच फाइल, चढवायची असते; यालाच सिसअपग्रेड म्हणतात. दोन्हींनी राउटर नवा होतो असं वाटतं. प्रत्यक्षात पहिलं फार थोड्या वेळा करायचं काम आहे आणि दुसरं नेमाने करायचं. ठाणे, ऐरोली, कोपरखैरणे भागात मी जेवढे असे राउटर पाहिले, त्यांतल्या बऱ्याच घरांत नेमकं उलट चाललेलं होतं.

हे उलट का, ते राउटरच्या पोटात पाहिल्याशिवाय कळत नाही. फ्लॅश मेमरीत, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या साठवणीत, कर्नल (सिस्टिमचा गाभा) असतो, त्याच्यामागे स्क्वॉशएफएस नावाची दाबून बसवलेली फाइल-सिस्टिम. ती फक्त वाचता येते, तिच्यात काही लिहिता येत नाही. उरलेल्या जागेत ओव्हरले, म्हणजे लिहिता येणारा वरचा थर, असतो. तुमचा वाय-फायचा पासवर्ड, नंतर टाकलेली पॅकेजेस, केलेले बदल हे सगळं ओव्हरलेमध्ये जातं. राउटर चालू असताना हे दोन थर एकच असल्यासारखे दिसतात आणि वरच्या थरातली फाइल खालच्या फाइलला झाकते. सोसायटीच्या छापील नोटिशीवर दुरुस्तीची पट्टी चिकटवावी तसं. पट्टीवरची वेळ वाचली जाते, पण खाली जुनी वेळ छापलेली तशीच असते.

पॅकेज अपग्रेड ही अशी पट्टी आहे. इमेजसोबत आलेलं पॅकेज अपग्रेड केलं की नवी प्रत ओव्हरलेत बसते आणि जुनी स्क्वॉशएफएसमध्ये जागा अडवून राहते. म्हणजे एका पॅकेजला दोनदा जागा. ८ एमबी फ्लॅशच्या राउटरवर ओव्हरले मुळातच इतका तुटपुंजा असतो की चार-दोन पॅकेजेस अपग्रेड करतानाच तो भरू शकतो. भरला की अपग्रेड अर्ध्यावर थांबतं. काही फाइली नव्या, काही जुन्या, आणि ‘मागे घ्या’ अशी सोय नाही. लायब्ररी नवी झाली आणि तिच्यावर चालणारा प्रोग्रॅम जुना राहिला, तर तो सुरूच होत नाही. तो प्रोग्रॅम नेटवर्क सांभाळणारा असेल तर लॉगिनचं पानही उघडायचं नाही. म्हणूनच सगळी पॅकेजेस एका कमांडने अपग्रेड करू नका, असं ओपनडब्ल्यूआरटीचे लोक स्वतः बजावून सांगतात. डेस्कटॉपवर लिनक्स वापरणाऱ्यांचा हात नेमका त्याच सवयीकडे जातो. तिथली सवय इथे आणायची नाही.

याहून मोठी गोष्ट म्हणजे पॅकेज अपग्रेड कर्नलला हात लावू शकत नाही. फरक किती मोठा आहे ते २०२१ सालच्या दोन प्रकरणांवरून कळतं. जानेवारीत डीएनएसमास्क या, वेबसाइटच्या नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या, प्रोग्रॅममधल्या त्रुटी जाहीर झाल्या, त्यांना डीएनएसपूक म्हणतात. डीएनएसमास्क हे सुटं पॅकेज आहे, त्यामुळे तेवढं एक पॅकेज अपग्रेड केलं की दार बंद होत होतं. मे महिन्यात फ्रॅगअटॅक्स नावाच्या त्रुटी आल्या. त्या वाय-फायच्या, माहितीचे तुकडे जोडण्याच्या पद्धतीतच होत्या, आणि लिनक्सवर हे काम कर्नलला जोडलेलं एमएसी८०२११ मॉड्यूल करतं. असं मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधलं जातं त्याच्याशीच जुळतं. अशा वेळी नवी इमेज हाच धड रस्ता.

पट्टीची आणखी एक अडचण लोकांच्या लक्षात येत नाही. राउटर रीसेट केला की ओव्हरले पुसला जातो आणि पॅकेजची जुनी, त्रुटी असलेली प्रत पुन्हा कामाला लागते. दुरुस्ती गेली हे राउटर कुठेही सांगत नाही.

आमच्या ऐरोलीच्या इमारतीतले एक काका निवृत्तीनंतर हौसेने हे शिकले. ते म्हणाले, “अरे, मी दर रविवारी सगळी पॅकेजेस अपग्रेड करतो. मग अजून राहिलं काय?” मी म्हटलं, “काका, स्टेटसच्या पानावर कर्नलची आवृत्ती बघा, आणि पहिल्या दिवशी कोणती होती ते आठवा.” आवृत्ती तीच होती. इतक्या चिकाटीने राउटरची काळजी घेणाऱ्या माणसाला हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

सिसअपग्रेडची रीत वेगळी. आधी सेटिंगच्या फाइली बांधून रॅममध्ये ठेवल्या जातात, चालू प्रोग्रॅम बंद होतात आणि मग कर्नल व स्क्वॉशएफएस दोन्ही नव्याने लिहिले जातात. राउटर सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, म्हणजे बूटलोडरला, सहसा धक्का लागत नाही. राउटर पुन्हा सुरू झाला की सेटिंग परत जागेवर येतात. वाय-फायचं नाव, पासवर्ड, केबलवाल्याने दिलेलं पीपीपीओईचं (इंटरनेटच्या लॉगिनचं) युजरनेम, त्याने कनेक्शन एका मॅक ॲड्रेसला (उपकरणाच्या ओळखक्रमांकाला) बांधून ठेवलं असेल आणि तो तुम्ही राउटरमध्ये भरला असेल तर तोही, सगळं टिकतं. तरीही बॅकअपची फाइल आधी लॅपटॉपवर उतरवून घ्यावी. पीपीपीओईचा पासवर्ड शनिवारी रात्री केबलवाल्याकडून मिळवून बघा, म्हणजे बॅकअपची किंमत कळेल.

टिकत नाहीत ती तुम्ही नंतर टाकलेली पॅकेजेस. व्हीपीएन, जाहिराती अडवणारं, लाइनचा लॅग आवरणारं एसक्यूएम, यांच्या सेटिंग राहतात पण प्रोग्रॅम निघून जातात. एरवी ही पुन्हा टाकण्याची कटकट एवढंच. पण इंटरनेट यूएसबी डोंगलवरून घेत असाल तर फसायला होतं. डोंगल ओळखणारं पॅकेजच गेलं, म्हणजे इंटरनेट गेलं, आणि इंटरनेट नाही म्हणून ते पॅकेज उतरवता येत नाही. डोंगलवाल्यांनी साधी इमेज चढवूच नये.

त्यांच्यासाठी, आणि माझ्या मते सगळ्यांसाठीच, अटेंडेड सिसअपग्रेड आहे. राउटर आपल्या पॅकेजची यादी ओपनडब्ल्यूआरटीच्या सर्व्हरला पाठवतो आणि सर्व्हर ती पॅकेजेस आतच बसवलेली इमेज तयार करून देतो. कमांडवर काम करणाऱ्यांना यासाठी ओडब्ल्यूयूटी नावाचं साधन मिळतं. यात दुहेरी फायदा आहे. काही पुन्हा टाकावं लागत नाही, आणि पॅकेजेस दाबलेल्या थरात गेल्यामुळे ओव्हरले मोकळा होतो. राउटर रीसेट केला तरी ती पॅकेजेस जात नाहीत.

इमेज चढवण्याआधी राउटर उलटा करून लेबल वाचा. एकाच नावाच्या राउटरच्या दोन हार्डवेअर आवृत्त्यांत चिपसुद्धा वेगळी असू शकते. ‘फॅक्टरी’ इमेज ही कंपनीच्या मूळ फर्मवेअरमधून पहिल्यांदा ओपनडब्ल्यूआरटीवर यायला, आणि ‘सिसअपग्रेड’ इमेज आधीच ओपनडब्ल्यूआरटीवर असलेल्यांना. इमेज या मॉडेलची नाही असं राउटर म्हणाला तर ‘फोर्स’ची खूण करण्याआधी थांबा. दहापैकी नऊ वेळा राउटरचं म्हणणं बरोबर असतं. एक अपवाद ठळक आहे. १९.०७ मधून २१.०२ मध्ये जाताना कित्येक मॉडेलवर आतल्या स्विचची मांडणीच बदलली आणि जुन्या सेटिंग चालेनाशा झाल्या. तिथे सेटिंग न ठेवता कोरं चढवून सगळं हाताने भरावं लागतं. राउटर तसा इशारा देतो, तो नीट वाचावा.

लॅपटॉप लॅनच्या केबलनेच जोडावा. आणि जून ते सप्टेंबर हे काम मिनी यूपीएसशिवाय करू नये. घोडबंदर रोडला असा नाहीतर नेरुळला, जोराचा पाऊस लागला की लाइट केव्हा जाईल सांगता येत नाही. फ्लॅश लिहायला लागतात काही मिनिटंच, पण त्या मिनिटांत वीज जाऊन चालत नाही.

दोन्ही अपग्रेड बिघडतातही वेगवेगळे, म्हणून औषधही वेगळं. पॅकेज अपग्रेडने गडबड झाली असेल तर खालचा थर शाबूत असतो. राउटर सुरू होताना दिवा लुकलुकायला लागला की बटण दाबून फेलसेफमध्ये, म्हणजे ओव्हरले न वापरता सुरू होण्याच्या स्थितीत, जा, लॅपटॉपला १९२.१६८.१.२ असा पत्ता द्या, १९२.१६८.१.१ वर एसएसएचने (दुरून कमांड देण्याच्या सोयीने) शिरा, ‘फर्स्टबूट’ चालवा आणि राउटर रीबूट करा. ओव्हरले कोरा होतो आणि राउटर उठतो. सिसअपग्रेड मध्येच तुटलं असेल तर फेलसेफपर्यंत पोचताच येत नाही, कारण कर्नलच अर्धवट असतो. मग बूटलोडरकडे जावं लागतं. टीपी-लिंकच्या कित्येक मॉडेलवर लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ पत्ता देऊन टीएफटीपी सर्व्हर (फाइल पुरवणारा साधा प्रोग्रॅम) चालू ठेवतात आणि रीसेटचं बटण दाबून धरून राउटरचा स्विच चालू करतात. राउटर ठरलेल्या नावाची फाइल स्वतः मागून घेतो. ते नाव प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. फाइल आणि तिचं नाव दोन्ही, फ्लॅश करायला बसण्याआधी, इंटरनेट चालू असतानाच उतरवून ठेवा.