फोन चोरीला गेल्यावर: तक्रार, ड्युप्लिकेट सिम आणि आयएमईआय ब्लॉक करण्याची प्रक्रिया

एसटीत चढताना आईच्या पिशवीतला फोन गेला. कंडक्टरने तिकीट मागेपर्यंत तिला पत्ताच नव्हता. सुट्या पैशांसाठी हात घातला तर चेन उघडी आणि तळाशी फक्त चष्म्याचं घर. घरी आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "फोटो मिळतील का रे परत?" मला मात्र त्या सिमची धास्ती होती. पेन्शनच्या खात्याचे ओटीपी त्याच नंबरवर यायचे.

पुढचे दोन दिवस धावपळ केल्यावर कळलं, की प्रक्रिया अवघड नाही, तक्रारीला आणि ब्लॉकच्या अर्जाला फीही लागत नाही. पण क्रम चुकला की हेलपाटे ठरलेले. म्हणून क्रमानेच सांगतो.

पहिल्या तासात पोलीस ठाणं नव्हे, सिम आणि बँक. फोनला पॅटर्न आहे म्हणून निश्चिंत राहू नका. पॅटर्न फोनला असतो, सिमला नाही. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी तिकडे येऊ लागतात. शेजारी दुसरा स्मार्टफोन असेल तर त्यावरून गूगल किंवा अ‍ॅपलच्या खात्यात जाऊन हरवलेला फोन आधी लॉक करा. तो आदेश पोचायला त्या फोनला इंटरनेट लागतं, म्हणून हे सिम बंद होण्याआधी झालेलं बरं. पण यात पाच मिनिटांहून जास्त घालवू नका. लगेच कंपनीच्या ग्राहक सेवेला सांगून सिम बंद करा, मग बँकेला फोन करून यूपीआय आणि मोबाइल बँकिंग थांबवा. पैसे गेलेच असतील तर 1930 वर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकावर किती भार पडणार, हे त्याने किती लवकर कळवलं यावर बरंचसं ठरतं.

आता पोलीस तक्रार. इथे एका शब्दावर सगळं अडतं: 'गहाळ' की 'चोरी'. आम्हाला काउंटरवर सांगितलं गेलं, "हरवला असंच लिहा, लवकर काम होईल." काम लवकर होतं हे खरं. गहाळ वस्तूची नोंद महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर घरबसल्याही करता येते आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ब्लॉक करायला ती प्रत चालते. पण गहाळ नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. कुणी हातातून हिसकावला असेल, पिशवी कापली असेल, तर चोरीच लिहा आणि एफआयआरचा आग्रह धरा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत द्यावी लागते. ऑनलाइन कळवलं असेल तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करायची. ठाण्यात नकार मिळाला तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येते. आम्ही पुन्हा गेलो आणि 'चोरी' लिहून घेतलं.

तक्रारीत तारीख, शक्य तितकी नेमकी वेळ, ठिकाण, दोन्ही सिमचे नंबर आणि आयएमईआय असलाच पाहिजे. वेळेवर माझा भर आहे, कारण उद्या त्या फोनवरून किंवा नंबरवरून कुणाला फसवलं गेलं, तर 'या वेळेनंतर फोन माझ्याकडे नव्हता' हे सांगणारा तुमच्याकडचा कागद हाच.

आयएमईआय म्हणजे फोनचा 15 अंकी ओळख क्रमांक. दोन सिमच्या फोनला दोन असतात, दोन्ही द्या. फोन हातात असेपर्यंत *#06# दाबलं की दिसतो. गेल्यावर खोक्यावर किंवा बिलावर शोधावा लागतो. आमचं खोकं रद्दीत गेलेलं. शेवटी दुकानदाराने जुन्या बिलाची प्रत काढून दिली. आईच्या नव्या फोनचे दोन्ही क्रमांक आता गॅसच्या पुस्तकाच्या आतल्या पानावर लिहिलेत.

त्यानंतर ड्युप्लिकेट सिम. ज्याच्या नावावर सिम आहे त्यानेच ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात जायचं. बऱ्याच घरांत आईवडिलांचं सिम मुलाच्या नावावर असतं. मग मुलालाच जावं लागतं, तो पुण्यात असो वा दुबईत. आणि जिथे बहुतेकांचा दिवस वाया जातो ती गोष्ट: बदली सिम सुरू झाल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात. सिम बदलून होणारी फसवणूक रोखण्यासाठीची ही सोय आहे. ब्लॉकच्या अर्जाला त्याच नंबरवर ओटीपी येतो, म्हणून सिम मिळाल्या मिळाल्या अर्जाला बसू नका.

आता मुख्य अर्ज. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर सीईआयआर नावाची सुविधा आहे. तिची चाचणी सप्टेंबर 2019 मध्ये महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेलीत सुरू झाली होती. देशभरासाठी ती मे 2023 पासून खुली आहे. पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो ना, एवढं पाहून घ्या. हरवलेला किंवा चोरीचा फोन ब्लॉक करण्याचा पर्याय निवडला की मोबाइल नंबर, दोन्ही आयएमईआय, कंपनी, मॉडेल, फोन गेल्याचं ठिकाण आणि तारीख, पोलीस ठाणं, तक्रार क्रमांक हे सगळं भरायचं. जवळ ठेवायचे कागद तीन: तक्रारीची प्रत, फोनचं बिल आणि मालकाचं ओळखपत्र. ओटीपी भरला की रिक्वेस्ट आयडी मिळतो. तो कागदावर उतरवून ठेवा. अर्जाची स्थिती पाहायला आणि पुढे ब्लॉक काढायला तोच लागतो.

ब्लॉक झालेला फोन देशात कुठल्याही कंपनीच्या सिमवर चालत नाही, पण वायफायवर चालतो. म्हणून ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि बँकेची लॉगिन वेगळी बंद करावीच लागतात. 'ब्लॉक केला तर पोलिसांना सापडणार नाही' असंही कुणी सांगेल, त्यात तथ्य नाही. ब्लॉक केल्याने पोलिसांच्या शोधाला अडथळा येत नाही.

फोन सापडला तर आधी पोलिसांना कळवायचं, मग त्याच पोर्टलवर रिक्वेस्ट आयडी देऊन ब्लॉक काढायचा. नुसती गहाळ नोंद असेल तर फोन ठाण्यातून मिळतो. गुन्हा दाखल असेल तर तो मुद्देमाल ठरतो आणि परत मिळवायला सहसा न्यायालयात अर्ज करावा लागतो. थोडा वेळ जातो, पण म्हणून चोरीला 'गहाळ' म्हणू नका.

जुना फोन विकत घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम, मग जागा सोडून आयएमईआय लिहून 14422 वर एसएमएस करावा. ब्लॉक केलेला किंवा डुप्लिकेट क्रमांक असेल तर उत्तरात कळतं, तो फोन घेऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हा आहेच. शिवाय 2023 च्या दूरसंचार कायद्यात आयएमईआयसारख्या ओळख क्रमांकात फेरफार करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, 50 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.