बेटांवरच्या वाऱ्याची बातमी सोलापूरपर्यंत कशी आली

अंदमानला निघालेल्या सोलापूरकराच्या बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असतेच. आता मोबाइलमध्ये आठवड्याचा हवामान अंदाजही असतो. डिसेंबर-जानेवारीत इकडे हुरड्याच्या आगट्या पेटलेल्या, गड्ड्याच्या यात्रेची तयारी चाललेली, आणि सहलीच्या ग्रुपवर तिकडच्या समुद्राचा मजकूर फिरत असतो. ईशान्येकडून वारे, लाटा दीड ते दोन मीटर, काही भागांत समुद्र खवळलेला, मच्छीमारांनी तिकडे जाऊ नये. वाचणाऱ्याला एवढंच कळायला हवं असतं की फेरीबोट सुटेल का. या चार ओळी जमायला मात्र पावणेदोनशे वर्षं लागली, आणि त्यातलं बरंचसं जहाजं फुटल्यावर कळलं.

नोव्हेंबर १८४४मध्ये ‘ब्रिटन’ सिडनीहून आणि ‘रनीमीड’ इंग्लंडमधल्या ग्रेव्हसेंडहून कलकत्त्याला निघाली होती. दोन्ही जहाजांवर सैनिक होते. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नव्हता, पण अंदमानजवळ एकाच वादळाने दोघांना गाठलं आणि एकाच रात्री, एकाच बेटावर, एकमेकांजवळ नेऊन आपटलं. ते जॉन लॉरेन्स बेट. आज पर्यटक ज्या स्वराज द्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर जातात, त्याच्या शेजारचंच. बहुतेक सगळे वाचले आणि सुटकेची वाट बघत कित्येक आठवडे तिथेच राहिले.

अशा वादळांच्या नोंदी जमवण्याचं वेड कलकत्त्यातल्या हेन्री पिडिंग्टन यांना होतं. सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या तिथल्या न्यायालयाचे ते अध्यक्ष. कप्तानांच्या रोजनिश्या पुढ्यात घ्यायच्या, कुठल्या तासाला वारा कुठून होता ते नकाशावर मांडायचं, असं त्यांचं काम. त्यातून त्यांना दिसलं की वारा सरळ वाहत नाही, वेटोळं घालतो. सापाच्या वेटोळ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी १८४८मध्ये ‘सायक्लोन’ हे नाव रूढ केलं. मराठीत येताना साप सुटला आणि चक्र राहिलं.

नाव मिळालं तरी आगाऊ खबर मिळत नव्हती. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर वादळ आलं, हुगळीत समुद्र घुसला, हजारो माणसं गेली. पोर्ट ब्लेअरला १८५८पासून काळ्या पाण्याची वसाहत होती, पण तिथून निरोप यायचा तो जहाजाने, म्हणजे वादळाच्या मागून. बेटावरचा वायुभारमापक कितीही चांगला असला तरी तारेशिवाय त्याचा उपयोग फक्त इतिहास लिहिण्यापुरता. १८६५पासून कलकत्ता बंदराला इशारे मिळू लागले, पुढच्या दोन दशकांत रत्नागिरी-वेंगुर्ल्यासारख्या पश्चिमेकडच्या बंदरांनाही. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ ही कोकणातली भाषा त्या व्यवस्थेतून आली. बेटं बोलू लागली ती विसाव्या शतकात, बिनतारी यंत्रणा आल्यावर.

१८६४च्या वादळावर अहवाल लिहिणाऱ्यांपैकी एक हेन्री ब्लॅनफर्ड. १८७५मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं तेव्हा तेच प्रमुख झाले. खातं निघण्यामागे वादळांइतकीच दुष्काळाची धास्ती होती, आणि लगेच पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या मोठ्या दुष्काळात सोलापूर होरपळलं. समुद्रावरचं वादळ आणि दख्खनचा दुष्काळ एकाच कचेरीच्या टेबलावर आले, हे मला या सगळ्या कहाणीतलं महत्त्वाचं वळण वाटतं. कलकत्त्याहून कचेरी शिमल्याला गेली आणि १९२८मध्ये पुण्याला आली. पुण्यात शिवाजीनगरच्या चौकाला आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात ते त्यामुळेच. डोंगराचं नाव, इमारत पठारावर आणि बातमी समुद्राची.

पण हे साहेबाच्या कचेरीचं झालं. बेटांवरच्या माणसांकडे स्वतःचा अंदाज होता, आणि तो बघून सोलापूरच्या कुठल्याही शेतकऱ्याला ओळखीचं भेटल्यासारखं वाटेल. मालदीवमध्ये वर्षाचे दोन मोठे भाग: नैर्ऋत्येचा ‘हुळंगु’ आणि ईशान्येचा ‘इरुवै’. या दोहोंचे मिळून सत्तावीस तुकडे, प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचा. तुकड्याला म्हणतात ‘नकय’, म्हणजे आपलं नक्षत्रच. नावं ऐका: रोहिणीचं रोआनु, आर्द्रेचं अधा, हस्ताचं अथा, चित्रेचं हिथा. हिवाळी वाऱ्यांचा इरुवै सुरू होतो तो १० डिसेंबरच्या आसपास, मूळ नक्षत्रात. तिथेही त्याचं नाव मूलाच. आपल्या पंचांगाशी काही दिवसांचा फरक पडतो, एवढंच. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयला बोलतात ती महल भाषा मालदीवच्या धिवेहीचीच सख्खी बहीण. कुठल्या नकयात समुद्र शांत, कुठल्यात ट्यूना मिळेल, कुठल्यात होडी ओढून ठेवायची, हे सगळं त्या सत्तावीस घरांत बसवलेलं. आपल्याकडे हस्ताचा पाऊस झाला की शाळू पेरायचा आणि ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ म्हणत आभाळाकडे बघायचं. पीक वेगळं, पाणी वेगळं, आणि मोजपट्टी एकच! नक्षत्राने हवामान ठरतं असं कुणीच समजू नये. ते सूर्याचं कॅलेंडर आहे, आणि ऋतू सूर्यावर चालतो, म्हणून सरासरी जमते. मोडतं ते एखाद्या वर्षी, आणि त्याच वर्षी गरज असते.

लाटांचा अंदाज तर फारच अलीकडचा. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं होतं, त्यासाठी हाराल्ड स्वेरड्रुप आणि वॉल्टर मंक यांनी वाऱ्यावरून लाटांची उंची काढण्याची रीत बसवली. आजच्या अंदाजात ‘लाटा २ मीटर’ असं लिहिलेलं असतं ते त्याच परंपरेतलं माप: सगळ्यात उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी. म्हणजे अधूनमधून त्याच्या जवळपास दुप्पट लाटही येऊ शकते. बोटीच्या कठड्यावर बसून फोटो काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. अडीच मीटरच्या पुढे समुद्राला खवळलेला म्हणतात, चारच्या पुढे अति खवळलेला. शिवाय लाट स्थानिक वाऱ्याचीच असते असंही नाही. हवाईच्या उत्तर किनाऱ्यावर हिवाळ्यात आभाळ निरभ्र असताना डोंगराएवढ्या लाटा फुटतात. त्या हजारो किलोमीटर वर, उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांत जन्मलेल्या असतात.

आठवडा-दोन आठवडे पुढचं बोलता येऊ लागलं तेही एका बेटामुळे. विषुववृत्ताजवळ पॅसिफिकमध्ये कँटन नावाचं प्रवाळबेट आहे. तिथे बलून सोडून घेतलेल्या सुमारे दहा वर्षांच्या नोंदी रोलँड मॅडन आणि पॉल ज्युलियन तपासत होते. १९७१मध्ये त्यांनी दाखवलं की तिथला वारा आणि हवेचा दाब चाळीस-पन्नास दिवसांच्या तालात वरखाली होतो. पुढे कळलं की हा ढगांचा आणि वाऱ्यांचा एक मोठा पट्टा आहे, हिंदी महासागराकडून पूर्वेला सरकत जाणारा. तो आपल्या समुद्रावर आला की वादळांना जोर चढतो, गेला की उघडीप. आज हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांत कुठे वादळ तयार होऊ शकतं ते सांगतं, त्यात या पट्ट्याची जागा आधी पाहिली जाते. दोन आठवडे, म्हणजे जवळजवळ एक नक्षत्र.

तरीही चूक होते, किंवा अंदाज बरोबर असूनही निरोप पोचत नाही. २०१७च्या नोव्हेंबरअखेर श्रीलंकेजवळ कमी दाबाचं क्षेत्र झालं आणि बघता बघता त्याचं ‘ओखी’ चक्रीवादळ झालं. केरळ-तमिळनाडूचे मच्छीमार कित्येक दिवसांपूर्वीच खोल समुद्रात गेलेले, मोबाइलच्या टप्प्याबाहेर. कितीतरी जण परतले नाहीत. वादळ मिनिकॉय-कल्पेनीला झोडपून उत्तरेला वळलं, दक्षिणेकडच्या कितीतरी बोटी देवगडच्या आसऱ्याला आल्या, आणि ५ डिसेंबरला मुंबईत पावसामुळे शाळा बंद होत्या. २०१९मध्ये हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेने उपग्रहावरून बोटीपर्यंत इशारा पोचवणारं उपकरण आणलं, ते या धड्यानंतर.

यात सोलापूर कुठे, असं विचारणाऱ्याने ऑक्टोबर २०२० आठवावा. अंदमानच्या समुद्राकडून निघालेली कमी दाबाची एक प्रणाली १३ तारखेला काकीनाड्याजवळ जमिनीवर चढली. अशी प्रणाली जमिनीवर आली की विरते, असं पुस्तकात शिकवतात. ही तेलंगण ओलांडून, हैदराबाद बुडवून, १४ तारखेला आपल्यापर्यंत आली. पंढरपुरात चंद्रभागेच्या घाटाची भिंत कोसळून माणसं गेली, ओढ्याकाठची पिकं मातीसकट वाहिली. मग ती तशीच पश्चिमेला जाऊन अरबी समुद्रात उतरली. जवळच्या समुद्रापासून पावणेतीनशे किलोमीटर आत बसलेल्या जिल्ह्याला बेटांवरची बातमी लागते ती अशी.

डिसेंबरात एवढं टोक सहसा गाठलं जात नाही. उपसागरात काही शिजलं की इथे बहुतेकदा नुसतं आभाळ येतं, थंडी पळते, सकाळी दमट वाटतं. तेवढ्यानेही शाळूवर चिकटा पडतो आणि द्राक्षावर भुरी. सहलीच्या ग्रुपवर स्वराज द्वीपाची उद्याची फेरी रद्द झाल्याचा निरोप येतो आणि लोक हळहळतात. त्याच संध्याकाळी पंढरपूर तालुक्यातला बागायतदार तोच उपग्रहाचा फोटो बघून फवारणीचा टँकर भरायला लावतो.